रायफायझनची शिकवण आणि आपली पतपेढी

महाराष्ट्रातील शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या पगारपत्रकांत भविष्यनिर्वाह निधी व प्राप्तिकर यांच्या शेजारी बहुधा आणखी एक रकाना असतो. तो पतपेढीच्या कपातीचा. घराचा पहिला हप्ता, आजारपण, मुलांचे शिक्षण वा मुलीचे लग्न अशा प्रसंगी या रकान्याने असंख्य मध्यमवर्गीय कुटुंबांना सावकाराच्या उंबरठ्यापासून दूर ठेवले आहे. तथापि ज्या संस्थेत आपण दरमहा वर्गणी भरतो आणि जिच्या कर्जरोख्यावर सहकाऱ्यासाठी जामीन म्हणून सही करतो, तिच्या मागचा विचार कोणी, कोणत्या परिस्थितीत आणि किती ठेचा खाऊन घडविला, हे सभासदांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. हा विचार घडविणाऱ्यांत जर्मनीतील फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझन याचे नाव अग्रभागी येते. तो अर्थशास्त्रज्ञ नव्हता, पेढीवालाही नव्हता. खेड्यापाड्यांचा कारभार पाहणारा आणि पुढे दृष्टी जवळजवळ गमावून बसलेला असा तो एक सरकारी नोकर होता. आपण उभी केलेली धर्मादाय संस्था अपुरी आहे हे ओळखून तिची घडीच बदलण्याचे धैर्य त्याने दाखविले, हा त्याच्या चरित्रातील सर्वांत मोलाचा भाग होय.

रायफायझनचा जन्म ३० मार्च १८१८ रोजी झीग नदीकाठच्या हाम या गावी झाला. नऊ भावंडांत तो सातवा. वडील काही काळ गावचे मेयर होते. परंतु ते त्या पदावरून लवकरच दूर झाले आणि घराचा भार आईवर पडला. वरच्या शिक्षणासाठी पैसा नव्हता. गावच्या पाद्र्याने त्याला जे शिकविले तेवढीच त्याची विद्या. सतराव्या वर्षी तो प्रशियाच्या तोफखान्यात भरती झाला; पण डोळ्यांच्या विकारामुळे १८४३ साली त्याला लष्कर सोडावे लागले. मग तो मुलकी खात्यात शिरला आणि १८४५ साली, वयाच्या सत्ताविशीच्या सुमारास, वायरबुश येथील खेड्यांच्या समूहाचा मेयर म्हणून त्याची नेमणूक झाली.

हा भाग वेस्टरवाल्ड नावाच्या डोंगराळ प्रदेशातला. जमीन हलकी, थंडी कडाक्याची आणि वाटण्या होऊन होऊन शेतांचे तुकडे पडलेले. जमीनदारांच्या जुन्या बंधनांतून शेतकरी कायद्याने मोकळा झाला होता. पण मोकळा झालेला हा शेतकरी बी-बियाणे, जनावरे आणि कर यांच्यासाठी रोख पैशाचा मिंधा झाला. शहरातल्या बँकेला त्याची दहा-वीस थालरची गरज क्षुल्लक वाटे आणि त्याची ओळख तर तिला मुळीच नसे. ओळख असे ती गावात येणाऱ्या सावकाराला आणि गुरांच्या व्यापाऱ्याला. व्यापारी गाय उधारीवर देई. शेतकरी तिला पोसे, परंतु देणे फिटेपर्यंत ती व्यापाऱ्याचीच राही; आणि देणे तर फिटतच नसे. शेतकरी आळशी वा उधळ्या होता म्हणून हे घडत होते असे नाही. त्याला ओळखणारा कर्जपुरवठादार एकच होता, आणि जो एकटा असतो तो भाव आपल्या मर्जीने ठरवितो.

१८४६-४७ च्या हिवाळ्यात पीक बुडाले आणि वेस्टरवाल्डात उपासमार सुरू झाली. सरकारने आपल्या कोठारातून पीठ पाठविले, पण ते केवळ रोखीने विकावे असा हुकूम सोबत आला. ज्यांच्यासाठी ते पीठ होते त्यांच्यापाशी रोकड नव्हती, एवढी साधी गोष्ट हुकूम काढणाऱ्याच्या ध्यानात आली नव्हती. तरुण मेयरने हुकूम बाजूस ठेवला आणि गरजूंना पीठ उधारीवर दिले. त्यानंतर त्याने गावातील सुस्थितीतील लोकांना एकत्र करून निधी जमविला, बाहेरून धान्य आणविले आणि गावाची सामायिक भट्टी बांधली. पावाची किंमत बाजारभावाच्या निम्म्याच्या आसपास आली. वसंत ऋतूत याच मंडळाने पेरणीसाठी बटाट्याचे बियाणे पुरविले. येथे रायफायझनला पहिला धडा मिळाला. गरिबाला वेळेवर दिलेली उधारी बुडतेच असे नाही, आणि गावातल्या गावात माणसे एकत्र आली तर बाजाराची मगरमिठी सैल करता येते.

१८४८ साली त्याची बदली शेजारच्या फ्लामर्सफेल्ड येथे झाली. तेथे पुढच्याच वर्षी त्याने गरजू शेतकऱ्यांच्या साह्यासाठी एक मंडळ स्थापन केले. साठ सुखवस्तू गृहस्थांनी आपल्या सर्व मालमत्तेनिशी एकत्रित जामीनकी पत्करली. त्या जामीनकीवर बाहेरून स्वस्त व्याजाने पैसा मिळाला. मंडळ स्वतः गुरे विकत घेई आणि शेतकऱ्याला ती पाच वर्षांच्या हप्त्यांनी देई. पुढे गुरांऐवजी रोख कर्जे देण्यात येऊ लागली. १८५२ मध्ये तो नॉयवीडजवळच्या हेडेसडोर्फ येथे गेला आणि १८५४ मध्ये तेथेही त्याने धर्मादाय मंडळ काढले. या मंडळाचे उद्देश मोठे होते. निराधार मुलांचे संगोपन, तुरुंगातून सुटलेल्यांना काम, ग्रंथालय आणि कर्जपुरवठा असे सारे त्यात होते.

परंतु काही वर्षांतच या उदात्त संस्थेला ओहोटी लागली. मुलांचे संगोपन व ग्रंथालय ही कामे मागे पडली आणि केवळ कर्जाचे काम उरले. ज्यांनी जामीनकी घेतली होती त्या श्रीमंतांना स्वतःला कर्जाची गरज नव्हती. पहिला उत्साह ओसरल्यावर दुसऱ्याच्या कर्जासाठी आपली मालमत्ता अडकवून ठेवण्यात त्यांना स्वारस्य राहिले नाही. कर्ज घेणाराही संस्थेला आपली मानीत नव्हता. त्याच्या दृष्टीने ती थोरामोठ्यांची मेहेरबानी होती. त्याच सुमारास हेर्मान शुल्झ-डेलिच हा प्रशियाचा पुढारी शहरांतील कारागीर व छोटे व्यापारी यांच्यासाठी स्वावलंबी कर्जसंस्था काढीत होता. त्याच्याशी रायफायझनचा पत्रव्यवहार झाला. ख्रिस्ती दयाधर्मावर गाढ श्रद्धा असलेल्या रायफायझनला स्वावलंबनाचा हा कोरडा मार्ग प्रथम रुचला नाही. अनुभवाने मात्र त्याला तिकडेच वळविले. १८६४ साली त्याने हेडेसडोर्फच्या मंडळाचे रूपांतर कर्जसंस्थेत केले. कर्ज हवे असणाऱ्याने प्रथम सभासद व्हावे, आणि सभासदाने इतर सर्वांच्या देण्याची जबाबदारी घ्यावी, हा नियम झाला. दाता आणि याचक हा भेद मिटला. आज ज्याला आपण पतसंस्था म्हणतो तिची ग्रामीण घडण या एका बदलातून सिद्ध झाली.

या संस्थेचे नियम पाहिले तर त्यांतील प्रत्येकामागे व्यवहाराचे काही कारण दिसते. कार्यक्षेत्र लहान, साधारणतः एका चर्चच्या हद्दीएवढे. कारण कोण कसा आहे हे एकमेकांना ठाऊक असावे. जबाबदारी अमर्यादित, म्हणजे संस्था बुडाली तर प्रत्येक सभासदाच्या घरादारापर्यंत झळ पोहोचे, आणि म्हणून कर्ज कोणाला दिले जाते याकडे प्रत्येकाचे लक्ष राही. कर्ज कशासाठी हवे ते सांगावे लागे आणि त्याच कामी ते लागले की नाही हे पाहिले जाई. मुदत पिकाच्या व जनावराच्या उत्पन्नाशी जुळेल इतकी लांब असे. पदाधिकारी विनावेतन काम करीत. वेतन मिळे ते हिशेबनिसाला. नफा वाटून घ्यावयाचा नाही, तो अविभाज्य राखीव निधीत टाकावयाचा. म्हणजे व्याज वाढवून लाभांश मिळविण्याचा मोह कोणाला होणार नाही. याखेरीज गावातील शिलकी पैसा ठेवींच्या रूपाने याच संस्थेत येई आणि गावातच खेळे. बाहेरच्या बँकेला जी माहिती मिळविण्यास खर्च पडला असता ती शेजाऱ्यांपाशी फुकट होती. व्याजाचा दर खाली आला तो प्रामुख्याने या माहितीमुळे. दयेचा त्यात वाटा फार थोडा होता.

हे सारे चालू असता रायफायझनच्या घरावर मात्र आघात होत होते. १८६३ साली त्याची पत्नी एमिली निवर्तली. दृष्टी इतकी मंदावली की १८६५ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्याला सेवानिवृत्त व्हावे लागले. निवृत्तिवेतन तुटपुंजे. प्रपंच चालावा म्हणून त्याने प्रथम चिरुटांचा छोटा कारखाना काढला, पुढे मद्याचा व्यापार केला. अशा स्थितीत १८६६ साली त्याचा कर्जसंस्थांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. संस्था कशी काढावी, दप्तर कसे ठेवावे, नियम कसे करावेत हे सांगणाऱ्या या व्यवहारी पुस्तकाच्या त्याच्या हयातीतच अनेक आवृत्त्या निघाल्या. वडिलांचे डोळे आणि हात झाली ती थोरली मुलगी अमाली. त्याचा अफाट पत्रव्यवहार आणि मजकूर तिने लिहून काढला. थोर पुरुषांच्या चरित्रांत अशा मुलींच्या वाट्याला एखादीच ओळ येते; प्रत्यक्षात त्यांच्या श्रमांवाचून ती चरित्रे घडलीच नसती.

संस्था वाढल्या तसा नवा प्रश्न उभा राहिला. एका गावात पैसा शिल्लक असे, दुसऱ्यात तुटवडा. त्यांचा मेळ घालण्यासाठी १८७२ साली रायफायझनने नॉयवीड येथे मध्यवर्ती सहकारी बँक स्थापली. येथे शुल्झशी त्याचा उघड संघर्ष झाला. भागभांडवल नसलेली संस्था, अल्प मुदतीच्या ठेवींतून दिलेली दीर्घ मुदतीची कर्जे आणि संस्थांचीच बनलेली मध्यवर्ती बँक या तिन्ही गोष्टी शुल्झला धोक्याच्या वाटत होत्या. वाद कायदेमंडळापर्यंत गेला आणि सरकारी समितीने या संस्थांची पाहणी केली. समितीचे मत एकंदरीत अनुकूल पडले. तथापि मध्यवर्ती बँकेची रचना कायद्यात बसत नसल्याने १८७६ साली ती भागभांडवली कंपनीच्या रूपात नव्याने उभारावी लागली. मुदतीविषयीची शुल्झची शंका अनाठायी नव्हती, हे पुढे अनेक देशांतील बुडालेल्या संस्थांनी दाखवून दिले. प्रामाणिकपणा हा हिशेबाच्या शिस्तीला पर्याय होऊ शकत नाही, असाच त्या शंकेचा अर्थ होता.

रायफायझनच्या विचारांतील एका वैगुण्याचाही उल्लेख केला पाहिजे. ज्यू व्यापारी व सावकार यांच्याविषयीचा तत्कालीन जर्मन समाजातला पूर्वग्रह त्याच्या लेखनातही आढळतो. पिळवणुकीचे कारण कर्जव्यवस्थेत आहे हे आपल्या संस्थांच्या रचनेतून सिद्ध करणारा माणूस लिहिताना मात्र ते कारण एका जमातीवर ढकलीत होता. त्याच्या कार्याचा गौरव करताना हे झाकून ठेवण्याचे प्रयोजन नाही. ११ मार्च १८८८ रोजी, सत्तरी पूर्ण होण्यास काही दिवस उरले असता, त्याचे निधन झाले. तोपर्यंत त्याच्या पद्धतीच्या चारशेहून अधिक संस्था उभ्या राहिल्या होत्या.

वेस्टरवाल्डची ही कहाणी मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. जर्मनीत वरील वाद रंगला होता त्याच काळात, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोख्यांच्या होळ्या पेटविल्या. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षक कायदा झाला. पण कायद्याने सावकाराचा हात आवरला तरी त्याच्या जागी कर्ज देणारा दुसरा हात निर्माण होत नाही. सर विल्यम वेडरबर्न व न्यायमूर्ती रानडे यांनी शेतकी बँकेची योजना मांडली ती या जाणिवेतून. भारतमंत्र्यांनी ती नाकारली. पुढे मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्याला युरोपातील शेतकी बँकांच्या अभ्यासाला नेमले. १८९५ व १८९७ साली आलेल्या त्याच्या अहवालाचा निष्कर्ष असा होता की, हिंदुस्थानला गरज आहे ती रायफायझनसारख्या माणसाची. १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि ग्रामीण संस्थांना अमर्यादित जबाबदारीचे त्याचेच तत्त्व लावण्यात आले. १९११ साली सर विठ्ठलदास ठाकरसी व लल्लुभाई सामळदास यांच्या पुढाकाराने मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक निघाली, आणि १९२३ साली विठ्ठलराव विखे पाटील यांनी लोणी येथे पतपेढी काढली. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याची पूर्वपीठिका तीच. एक गंमत अशी की, बोस्टनचे व्यापारी एडवर्ड फाइलीन १९०७ साली हिंदुस्थानात आले असता त्यांनी येथील ग्रामीण पतसंस्था पाहिल्या, आणि परत गेल्यावर अमेरिकेत क्रेडिट युनियनच्या चळवळीला चालना दिली. कॅनडातील आल्फोन्स देजार्दँ यांनी क्युबेक प्रांतात १९०० साली अशी संस्था सुरू केलीच होती. जर्मन खेड्यातली कल्पना हिंदुस्थानच्या वाटेनेही अमेरिकेत पोहोचली.

मात्र आपल्याकडे कायदा सरकारने केला, संस्था निबंधकांनी नोंदविल्या आणि सभासद मागाहून आला. परिणामी १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत सहकारी संस्थांचा वाटा शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सुमारे ३ टक्केच भरला. उपाय म्हणून मोठ्या, मर्यादित जबाबदारीच्या आणि सरकारी भागीदारीच्या संस्थांची शिफारस झाली. तिने पैसा आणला हे खरे. पण सभासदाची ओळख आणि दक्षता हे जे रायफायझनचे मूळ भांडवल, ते मात्र त्यात पातळ झाले.

शिक्षक व कारकून यांच्या पगारदार पतपेढ्यांनी ही ओळख बऱ्याच अंशी टिकविली, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यांच्यातही एक सूक्ष्म दोष शिरला आहे. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या ४९ व्या कलमान्वये कर्जाचा हप्ता पगारातून कापून घेता येतो. वसुली इतकी सोपी झाली की कर्ज कशासाठी हवे, हा प्रश्न विचारण्याची निकडच उरली नाही. रायफायझनची संस्था माणसाला ओळखत होती. आपली संस्था त्याचे पगारपत्रक ओळखते. त्यामुळे एका कर्जाच्या पोटी दुसरे कर्ज घेत महिनाअखेर हाती जेमतेम घरखर्चापुरते पैसे पडणारा सभासद दप्तरात मात्र नियमित फेड करणारा ठरतो. जामीनदाराची सही ही दक्षतेची खूण असावयाची, ती भिडेची खूण बनते. आणि सहकाऱ्याने हप्ते थकविले म्हणजे त्याच्या पगाराला कात्री लागते.

लाभांशाची गोष्ट याहून विचार करण्यासारखी आहे. वार्षिक सभांतून टाळ्या पडतात त्या लाभांशाच्या टक्केवारीला आणि भेटवस्तूंच्या घोषणेला. पण लाभांश येतो कोठून? पतपेढीचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः कर्जदार सभासदाने भरलेले व्याज. अडलेल्या शिक्षकाने जादा व्याज भरावे आणि न अडलेल्याने ते लाभांश म्हणून घरी न्यावे, असा त्याचा अर्थ होतो. नफा वाटण्याला रायफायझनचा विरोध होता तो याच कारणाने. भागभांडवलावर माफक लाभांश देऊ नये असे नाही. परंतु कर्जाचा दर कमी करणे आणि राखीव निधी बळकट करणे ही संस्थेची पहिली कर्तव्ये आहेत. बँकांतील ठेवींना ठेव विम्याचे मर्यादित का होईना संरक्षण असते, पतसंस्थांतील ठेवींना ते नाही, ही गोष्ट ध्यानात घेतली तर राखीव निधीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

अमर्यादित जबाबदारी आज कोणी पुन्हा आणू म्हणणार नाही, आणि आणूही नये. तिची जागा कायदा आणि लेखापरीक्षण यांनी घेतली आहे. पण लेखापरीक्षक वर्षातून एकदा येतो, सभासद रोज संस्थेत असतो. २०१९ साली पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा तिच्या कर्जांचा फार मोठा भाग एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे गुंतला असल्याचे ठेवीदारांना प्रथमच कळले. हजारो डोळे असूनही संस्था आंधळी राहू शकते, आणि वेस्टरवाल्डातला तो दृष्टी अधू झालेला मेयर आपल्या प्रत्येक कर्जदाराला ओळखून होता, हा विरोधाभास अंतर्मुख करणारा आहे.

पतपेढी ही शासनाची कृपा नव्हे आणि संचालकांची मिरासही नव्हे. तिचा ताळेबंद वाचणे, वार्षिक सभेत राखीव निधी व थकबाकी यांविषयी प्रश्न विचारणे, जामीन राहताना सहकाऱ्याची निकड समजून घेणे आणि नको त्या कर्जापासून त्याला परावृत्त करणे ही कामे हिशेब जाणणाऱ्या शिक्षक-कारकुनांना अवघड नाहीत. श्रीमंतांच्या औदार्यावर उभी राहिलेली संस्था दहा वर्षांत थकते, हे रायफायझनने स्वतःच्या संस्थेवरून जाणले. सभासदांच्या उदासीनतेवर उभी असलेली संस्थाही टिकत नाही. ते जाणण्यासाठी आपण आपली पतपेढी बुडण्याची वाट पाहू नये, एवढेच.